थोरल्यांना पेलेल एवढंच

आमच्या दाबकेभावजींकडे पाहुणा आला, की पाण्याच्या आधी प्रश्न यायचा, "तुमच्याकडचा कॉम्प्युटर किती जुना?" पाहुण्याने ऐटीत "मागच्याच महिन्यात घेतला, एकदम लेटेस्ट!" असं सांगितलं, की त्यांचा चेहरा उतरायचा. "फार जुना आहे हो, चालू व्हायलाच पाच मिनिटं घेतो," म्हणणाऱ्याला मात्र चहा मिळायचा आणि घरात लाडू असला तर तोही.

मोरेश्वर दाबके माझ्या नवऱ्याचे सहकारी. कोलशेतच्या एका कारखान्यात दोघं ड्रॉइंग ऑफिसात शेजारी शेजारी बसायचे. नव्वदीच्या दशकात दोघांनी एकदमच लवकर निवृत्ती घेतली. आमचे हे शब्दकोडी सोडवत बसले. दाबके मात्र पन्नाशी उलटल्यावर डोंबिवलीतल्या एका क्लासात विशीतल्या पोरांशेजारी बसून वेबसाइट बनवायला शिकले. एकटा जीव सदाशिव, विचारणारं कोणी नव्हतं.

त्यांच्या घरी एक जुनापुराणा फोर-एटी-सिक्स कॉम्प्युटर होता. त्याला ते 'थोरले' म्हणायचे. मॉनिटरवर विणलेला रुमाल, कीबोर्डला प्लास्टिकचं पांघरूण. कुठलंही हलतं चित्र केलं, की ते आधी थोरल्यांना दाखवायचं. थोरले अडखळले, की चित्राला कात्री. "थोरल्यांना पेलत नाही" हा त्यांचा शेवटचा शब्द. त्यावर अपील नाही.

मी तेव्हा वधूवर सूचक केंद्र चालवायचे. पंधरा वर्षांत पुष्कळ लग्नं जमवली होती, पण आता लोक माझ्या पुठ्ठ्याच्या फायली बघून नाक मुरडू लागले होते. म्हणून वेबसाइट काढायचं ठरवलं. छोट्या हॉलमध्ये समारंभ करायचा, सगळ्यांना दाखवायची, आणि तरीही कोणी नाव नोंदवलं नाही तर केंद्राला कायमचं कुलूप लावायचं, असं मी ह्यांना सांगूनही टाकलं होतं.

वेबसाइट करायचं काम भावजींचं; त्यांच्यापुढे मी यादी ठेवली. गोल फिरणारा गणपती, नाचणारा घोडा, बँड, फटाके, मग अंतरपाट खाली येतो आणि अक्षतांचा पाऊस.

"वहिनी, घोडा नाचणार नाही."

"अहो, नवऱ्यामुलाचा घोडा आहे तो!"

"उभा राहील. शेपूट हलवेल. हलायचं ते एकानेच, बाकीच्यांनी गप उभं राहायचं. पूर्ण घोडा थोरल्यांना पेलत नाही."

गणपती एका जागी बसला. बँड गेला, फटाके विझले. अक्षता चाळीसवरून वीसवर आल्या, वीसवरून सातवर.

"सात अक्षतांत कुठं लग्न लागतं का हो, भावजी?"

"लागत नाही असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय? शहाडला एखाद्या बापाने कॉम्प्युटर म्हणून सेकंडहँड डबा घेतलाय, मुलीसाठी स्थळ बघतोय. तुमचा घोडा नाचेपर्यंत त्याची इंटरनेटची लाइन कट होणार. मग त्याच्या मुलीने काय करायचं?"

मी मुकाट्याने सात अक्षता कबूल केल्या.

समारंभाला हॉल भरला. ह्यांनी भाड्याने अगदी नवा, झगझगीत कॉम्प्युटर आणवला होता. भावजींनी फ्लॉपी घातली, मी भाषण आवरतं घेतलं आणि बटण दाबलं. घोड्याचं शेपूट पंख्यासारखं गरगरलं. अंतरपाट दिसला न दिसला तोच गायब! अक्षता कोणाला दिसल्याच नाहीत.

"झालं?" पहिल्या रांगेतून एक आजोबा म्हणाले. "मी चष्मा पुसत होतो."

मागून कोणीतरी पुटपुटलं, "पळून जाऊन लग्न केलेलं दिसतंय." हॉल हसला. मला वाटलं, धरणीमाता, पोटात घे.

घोळ साधा होता. भावजींनी सगळं जोखलं ते थोरल्यांवर. थोरले मुळातच सावकाश, त्यामुळे चित्रांना 'थांबा' असं सांगायची वेळच कधी आली नव्हती. नव्या यंत्राने तोच घास एका दमात गिळला.

"वहिनी, वडे वाटायला घ्या. मी आलोच," म्हणून भावजी ह्यांना घेऊन रिक्षाने घरी गेले. वडे संपता संपता परतले ते थोरल्यांना घेऊनच, मांडीवर मॉनिटर आणि मॉनिटरवर तो रुमाल.

थोरले घरघरत जागे झाले. घोड्याने एकदा शेपूट हलवलं, विचार केला, पुन्हा हलवलं. मग अंतरपाट बोट बोट खाली सरकू लागला. इतक्यात विठ्ठलवाडीहून आलेल्या एका आजींनी बसल्या जागी मंगलाष्टक सुरू केलं. त्यांना राहवलंच नाही. दुसऱ्या बाईने सूर धरला. शेवटच्या "सावधान"ला अंतरपाट बरोबर खाली पोचला आणि सात अक्षता एकेक करत पडल्या. टाळ्या तर झाल्याच, पण ते आजोबा इतके रंगले, की त्यांनी बशीतला चिवडा मूठभर उधळला. त्या दिवशी नावनोंदणीचे फॉर्म कमी पडले. केंद्र वाचलं.

दुसऱ्या दिवशी मी फॉर्मांचा गठ्ठा घेऊन भावजींकडे गेले. माहिती भरायच्या आधी त्यांनी चाचणीसाठी घातलेलं एक नमुना स्थळ पुसायचं होतं. आजवर मी ते नीट वाचलंच नव्हतं.

'नाव: अबक. वय: त्रेपन्न. शिक्षण: ड्राफ्ट्समनचा कोर्स. राहणार: डोंबिवली पूर्व. घरी माणसं: नाहीत. अपेक्षा: संध्याकाळी चहाला सोबत असावी.'

मी दोनदा वाचलं. पंधरा वर्षं गावभरच्या मुलामुलींची लग्नं जमवली आणि या माणसासाठी एक स्थळ सुचवावं असं माझ्या मनातही आलं नव्हतं. माझी मलाच लाज वाटली.

"पुसा की," भावजी खिडकीबाहेर बघत म्हणाले. "काहीतरी लिहायला पाहिजे म्हणून लिहिलेलं."

मी 'अबक' पुसलं. तिथे 'मोरेश्वर दाबके' लिहिलं. ते वळून बघतील, रागावतील, असं वाटलं. त्यांनी फक्त बघितलं. आत जाऊन चहाचं आधण ठेवलं. कपबशांचा आवाज झाला. मग आतूनच म्हणाले,

"वहिनी, ते अपेक्षांमध्ये... चहाच्या पुढे 'आणि जेवायलाही' असं टाकता आलं तर बघा."