समरकंदच्या स्वारीस चाळीस मिनिटे उरली त्याची हकीकत

श्री कुलस्वामिनीस दंडवत घालून, डोळ्यांदेखत घडले तेवढेच लिहितो. कोणास राग आला तर येवो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, कार्तिक वद्य सप्तमी, दोन प्रहरी राज्याच्या राणीसाहेब एकट्या समरकंदच्या स्वारीस निघाल्या. राज्य म्हणजे तीन खोल्या आणि एक गॅलरी. महाराज जनार्दनराव काशीद निवृत्त होऊन खुर्चीवर विराजमान, आणि युवराज निनाद लॅपटॉपावर कारभार पाहात. राणीसाहेबांनी लग्नाआधी एका कॅलेंडरावर त्या शहराचे निळे घुमट पाहिले आणि तेव्हाच जायचे मनात धरिले, मग लग्न झाले, मग युवराज जन्मले, मग थोरल्या मातोश्रींस अर्धांगवायू झाला आणि नऊ वर्षे त्यांचे अंग पुसण्यात गेली, मग युवराजांची बारावी, मग महाराजांच्या हृदयात दोन स्प्रिंगा बसविल्या, आणि दर वेळी महाराज म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू." अशी सव्वीस वर्षे. शेवटी राणीसाहेबांनी कोणास न विचारता पासपोर्ट काढिला, व्हिसा आणविला, आणि पोळ्या लाटता लाटता जाहीर केले, "मी एकटीच चाललेय." महाराज बोलले, "आणि दूधवाल्याला काय सांगू?" राणीसाहेब म्हणाल्या, "दूध घाल म्हणावं."

मग तिकिटाची कामगिरी युवराजांनी अंगावर घेतली. पासपोर्ट मागितला नाही. "आईचं नाव मला माहीत नाही का?" असे बोलून पाच मिनिटांत काम उरकले, आणि वर ऐट किती! मग गाडी करून मायलेक, आणि बॅग उचलावयास शेजारच्या घरचे आम्ही, विमानतळी दाखल झालो, वाटेत घाटात ट्रक आडवा होता म्हणून उशीर झाला, आणि दारावरच्या जवानाने एका हातात तिकीट, एका हातात पासपोर्ट घेऊन विचारिले, "मावशी, ही हेमलता कोण?"

"मीच."

"मग ही द्वारका कोण?"

"तीपण मीच."

आता हे कसे, तर राज्याची रीत अशी की, लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरून त्यात नवऱ्याने अंगठीने नवे नाव लिहावयाचे, आणि तिथून पुढे जुने नाव कोणी काढावयाचे नाही. माहेरची द्वारका सोपान वाकचौरे त्या ताटात हेमलता जनार्दन काशीद झाली. पण पासपोर्ट निघाला शाळेच्या दाखल्यावरून, आणि व्हिसा पासपोर्टावरून. तिकीट मात्र युवराजांच्या डोक्यातून निघाले. तेवीस वर्षांचा घोडा, आणि आईस एकदा विचारावे हे सुचले नाही! जवान म्हणाला, "नाव जुळत नाही, आत सोडता येणार नाही." आणि आत सामान घेणे बंद होण्यास चाळीस मिनिटे उरली होती.

मग दोघे धावत बाहेरच्या तिकीट खिडकीशी गेले, आणि खिडकीतला माणूस बोलला, "अख्खं नाव बदलून मिळत नाही. नवं तिकीट काढा. एकच सीट आहे." युवराजांनी महाराजांस फोन लाविला, आणि स्पीकरवर महाराजांचा आवाज आला, "झालं ना? या परत. मी सांगतच होतो." युवराज म्हणाले, "आई, आता हट्ट नको. पुढच्या वर्षी सगळेच जाऊ." राणीसाहेबांनी ट्रॉली खिडकीशी आणखी पुढे रेटली, आणि आमचे डोके असे फिरले की फोन हिसकून फेकावा. मागून कोणी म्हणाले, "घेताय का? नाहीतर सरका." सव्वीस मिनिटे उरली.

"एकटी जाशील, आणि हरवलीस तर?" युवराज.

"तुझ्या बाबांबरोबर तुळजापूरला गेले तेव्हा तीन तास हरवले होते. ते जेवायला बसले होते. बाजूला हो." असे बोलून राणीसाहेबांनी आपले कार्ड खिडकीत सरकविले. माणसाने विचारिले, "नाव?" राणीसाहेब पुटपुटल्या. "मोठ्यानं सांगा, काकू." मग राणीसाहेब अशा बोलल्या की दोन हमाल वळून पाहू लागले, "द्वारका सोपान वाकचौरे!"

तिकीट छापून निघेना. कागद अडकला. माणसाने यंत्रास दोन थपडा दिल्या, आणि कागद निघाला तेव्हा नऊ मिनिटे होती. ट्रॉलीचे चाक फरशीत अडले, तर राणीसाहेबांनी ट्रॉली सोडिली आणि बॅग काखोटीस मारिली. जवानाने पासपोर्ट पाहिला, तिकीट पाहिले, तोंड पाहिले, पुन्हा पासपोर्ट पाहिला, आणि म्हणाला, "पळा, मावशी." आणि राणीसाहेब पळाल्या. त्यांस पळताना आम्ही जन्मात पाहिले नव्हते.

सायंकाळपर्यंत खबर नाही. महाराज खुर्चीवरून उठत आणि बसत, युवराज फोन उघडीत आणि मिटीत. दुसरे दिवशी दोन प्रहरी फोनवर एक फोटो आला. समरकंदच्या बाजारात राणीसाहेब ताठ उभ्या, हातात परातीएवढी रोटी, शेजारी रोटी विकणारी बाई, ती त्यांच्या खांद्यास लागत होती. महाराजांनी चष्मा पुसून फोटो पाहिला, बोटांनी मोठा केला, आणि विचारिले, "ही एवढी उंच आहे?"

येणेप्रमाणे स्वारी गेली आणि पोचली. राज्य बुडाले नाही, चार दिवस खिचडीवर चालले. खरे तेवढे मांडिले. कलम खाली ठेविली.