विहीणबाईंचा दुधाचा जग

प्रज्ञाचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा द्रौपदाबाई मेथी निवडत होत्या आणि चांगदेवराव मोबाईल डाळीच्या डब्याला टेकवून उभा करायच्या खटपटीत होते. लेक कॅनडाहून येणार होती. बरोबर तिची होणारी सासू, म्हणजे डॅनियलची आई मार्गारेट होती आणि दोघी दोन दिवसांनी राजुरीला घरी पोचणार होत्या. साखरपुड्याचं बोलणं तेव्हाच व्हायचं होतं.

“आई, मार्गारेटनं तुमाला निळा जग पाठवला व्हता ना, दुधाचा? तो टेबलावर ठेव बरं का. तिला बरं वाटंल.”

द्रौपदाबाईंच्या हातातली जुडी हातातच राहिली. “दुधाचा?”

“मग कशाचा? वापरता ना?”

“रोज,” चांगदेवराव घाईघाईनं म्हणाले. “त्याच्यावाचून आमचं पान हलत न्हाई.”

यात खोटं काहीच नव्हतं. फक्त जग आल्या दिवसापासून संडासात होता.

तसा दोष कुणाचाच नव्हता. कुणा ओळखीच्याबरोबर चॉकलेटं आली, त्यांच्याखाली हा जग होता. उंच, सरळ, मजबूत मुठीचा. आपल्याकडचं कुठलंही शहाणं माणूस त्याला जिथं ठेवेल तिथंच द्रौपदाबाईंनी ठेवला. आणि जगानं नाव काढलं. पाहुणे आत जायचे ते सांधे दुखतात म्हणून कुरकुरत, आणि बाहेर यायचे ते कॅनडाचं कौतुक करत. “मूठ काय, धार काय. त्या लोकांनी इचार केलाय राव,” असं एकदा शेजारचा हौशीराम ओला हात पुसत म्हणाला होता.

वाईट वाटलं ते चांगदेवरावांना. त्यांची सगळी नोकरी एका दूध डेअरीत, पिशव्या भरायच्या मशीनवर झाली होती. जगभर दूध कशात भरतात हा त्यांचा आवडता विषय. प्रज्ञा जिथं जाईल तिथून त्यांना फोटो पाठवायची. जर्मनीत काचेची बाटली परत केली की पैसे परत मिळतात, इंग्लंडात साय असलेल्या दुधाला निळं टोपण आणि कमी साईच्याला हिरवं, हे ते पारावर तोंडपाठ सांगत. जपानात दुधाच्या खोक्याच्या डोक्यावर एक खाच असते, दृष्टी नसलेल्या माणसाला बोटांनी दूध ओळखता यावं म्हणून. ही खाच सांगताना त्यांचा आवाज दर वेळी थोडा हलायचा. आणि अशा माणसाच्या संडासात कॅनडाचा दुधाचा जग.

“पण त्यात दूध ओततात कशाला? बाटली नसती का तिकडं?” त्यांनी लेकीला विचारलं.

“आमच्या भागात पिशवीच असती बाबा. पिशवी जगात उभी करायची, कोपरा कापायचा आन् तशीच ओतायची.”

फोन ठेवल्यावर चांगदेवरावांनी दुधाची रिकामी पिशवी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. मग म्हणाले, “म्हंजे आपलीच पिशवी. पर त्यांनी तिला बसायला खुर्ची दिली. आपण कापली की पातेल्यात रिकामी करून मोकळं.”

“खुर्चीचं ऱ्हाऊ द्या. जगाचं काय करायचं?”

“घासून, उन्हात वाळवून...”

“सोन्यानं मढवला तरी त्यातलं दूध माझ्या घशाखाली उतरायचं न्हाई. दुसरा आणा.”

दुसऱ्या दिवशी चांगदेवराव नमुना म्हणून तोच जग कागदात गुंडाळून निघाले. आळेफाट्याला मिळाला नाही, नारायणगावला मिळाला नाही. मंचरला बाजारपेठेतल्या एका दुकानदारानं तो हातात घेतला, वाजवला, आत हात घालून चाचपला आणि पार नाकापाशी नेऊन प्लास्टिक पारखलं. चांगदेवरावांनी मान वळवून कांद्याच्या ट्रककडे पाहिलं.

“बाथरूमला पायजे ना, भाऊ?”

“न्हाई. दुधाला.”

दुकानदारानं त्यांच्याकडे नीट पाहिलं, पण बादल्यांच्या मागून हुबेहूब तसाच निळा जग काढून दिला.

घरी आल्यावर जुना जग आपल्या जागी गेला. नव्यात अर्ध्या लिटरची पिशवी टाकली तर ती तळाशी जाऊन बसली. तिथून ती काही डोकं वर काढेना. शेवटी चांगदेवरावांनी खाली एक स्टीलची वाटी पालथी घातली, पिशवीला तिच्यावर उभं केलं आणि कोपरा असा कापला की तुकडा पिशवीलाच लटकत राहिला. दोन पावलं मागं सरून त्यांनी ते सगळं डोळे भरून पाहिलं.

पाहुण्या आल्या. मार्गारेट चांगली उंच, हसरी बाई. आल्या आल्या तिनं वाकून दोघांना नमस्कार केला आणि मग प्रज्ञाच्या कानात काहीतरी विचारलं. प्रज्ञानं मागच्या अंगणाकडे बोट केलं.

मार्गारेट आत गेली आणि मग चांगदेवरावांना आठवलं की जुना जग तिथंच आहे.

ती बाहेर येताच ते आत घुसले आणि जग पाठीमागं धरून बाहेर आले. पण मार्गारेट हात धुवायला थांबली होती. चांगदेवरावांना संडासातून निळा जग लपवून घराकडे पळताना तिनं स्पष्ट पाहिलं. ती घरात येऊन बसते न बसते तोच द्रौपदाबाईंनी टेबलावरचा निळा जग उचलला आणि तिच्या डोळ्यांदेखत चहाच्या पातेल्यात दुधाची धार सोडली.

मार्गारेटचं हसू जागच्या जागी थिजलं. चहाचा कप समोर आला तेव्हा तिनं हात जोडले. पोट भरलंय म्हणाली. बिस्किट घेतलं, केळं घेतलं, चहाला हात लावला नाही.

“थोडा तरी,” द्रौपदाबाई म्हणाल्या. मार्गारेटनं पुन्हा हात जोडले.

द्रौपदाबाई खाली बसल्या. त्यांच्या आईच्या काळी गावातली कित्येक माणसं त्यांच्या दारात उभी राहायची, पण पाणीसुद्धा घ्यायची नाहीत. ते दिवस गेले होते, आता सगळं गाव येऊन चहा पीत होतं. तरी कुणी कप तसाच ठेवला की त्यांना आत कुठंतरी दुखायचं. आज तर लेकीच्या सासूनं ठेवला होता.

“प्रज्ञा, इचार त्यांना. माझ्या हातचा चालत न्हाई का?”

प्रज्ञानं विचारलं. मार्गारेट लालबुंद झाली आणि हळूच काहीतरी बोलत तिनं चांगदेवरावांकडे पाहिलं. ते मघापासून भिंतीला पाठ लावून उभे होते.

“बाबा, हात पुढं करा.”

“कशाला?”

“करा म्हणते ना.”

चांगदेवरावांनी हात पुढं केले. दोन निळे जग समोरासमोर आले. मार्गारेटनं एकाकडे पाहिलं, दुसऱ्याकडे पाहिलं आणि इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले. मग तिनं कप उचलला, थंड झालेला चहा एका दमात संपवला आणि रिकामा कप द्रौपदाबाईंपुढं धरला. द्रौपदाबाईंनी तो पुन्हा भरला.

प्रज्ञा मात्र भडकली. “दुधाचा जग संडासात? काय म्हणतील ती लोकं, आई?”

हे सगळं काय चाललंय, असं मार्गारेटनं विचारलं. प्रज्ञानं नाइलाजानं सांगितलं. त्यावर मार्गारेट शांतपणे चार वाक्यं बोलली आणि प्रज्ञाचा चेहरा बघण्यासारखा झाला.

“काय म्हणल्या?” द्रौपदाबाई.

“काय न्हाई.”

“सांग की.”

प्रज्ञा जमिनीकडे बघत म्हणाली, “मला तिनं असाच एक दिला व्हता. दुधासाठी. एकदा माझ्या घरी आली तर तो... म्हंजे तिकडं टमरेल मिळत न्हाई ना, आई. तिनं डॅनियलला इचारलं, त्यानं सगळं सांगितलं. तिला ती पद्धत लई आवडली. म्हणून तुमाला पाठवला, तो दुधासाठी न्हाईच. तिनं मुद्दाम त्याच्यासाठीच पाठवला व्हता.”

“बघा,” द्रौपदाबाई नवऱ्याला म्हणाल्या. “मला सांगावं लागलं न्हाई.”

साखरपुड्याचं ठरवून पाहुण्या निघाल्या तेव्हा द्रौपदाबाईंनी विहीणबाईंची ओटी भरली, साडी दिली आणि मंचरचा नवा जग धुऊन, पुसून हातात ठेवला. मार्गारेटनं तो साडीपेक्षा जपून बॅगेत ठेवला. पुढं पोचल्याचा फोन आला तेव्हा द्रौपदाबाईंनी पहिलं तेच विचारलं.

“विहीणबाईंनी जग कुठं ठेवलाय गं? दुधाला तर न्हाई ना घेतला?”

“न्हाई आई,” प्रज्ञा म्हणाली. “दुधाला तिचा जुना हाय.”