हवा बघणारे धोंडीमामा

धोंडीमामांच्या घरात शिरायचं तर आधी खिसे दाखवावे लागत. बिडी-काडेपेटी उंबऱ्याबाहेर. पुतण्याची सोयरीक घेऊन पाटसहून पाहुणे आले, त्यांनाही मामांनी दारातच चाचपलं. पाहुणे आल्या पावली परत फिरले. मामांची उभी जवानी चांद्याकडच्या कोळशाच्या खाणीत गेली होती. तिथं खाली उतरताना अशीच झडती होई. एका काडीनं गॅस भडकला की माणसं कोळशासारखीच निघायची. नोकरी सुटली, झडती काही सुटली नाही.

बारसं असो नाहीतर मयत, मामा आले की आधी खिडक्या उघडत. "वारा खेळता ठेवा," एवढंच बोलणं. माझी बायको गेली तेव्हा बाया रडत होत्या आणि हा बाबा छपराची कौलं सरकवत होता. मला असा राग आला होता. पण तेराव्यानंतर सगळे पांगले आणि मामा रोज संध्याकाळी येत राहिले. मागचं दार उघडायचं, बसायचं, उठून जायचं.

दुष्काळाचं साल होतं. खुटबावात विहिरींचं पाणी तळाला गेलं, म्हणून मी डिझेल इंजिन विहिरीत कपारीवर उतरवलं होतं. एका सकाळी ते चालता चालता बंद पडलं. मी उतरायला निघालो, तर मामा पायरीवर आडवे बसलेले. माझ्याच काडेपेटीनं कंदील लावून त्यांनी दोरानं खाली सोडला. इंजिनापाशी पोचायच्या आत तो विझला.

"इंजिन गुदमारलं तिथं. तुझी काय कथा?"

"सरका मामा. माझं वर कोण बसलंय वाट बघत?"

मामा हलले नाहीत.

"तुझं न्हाई. माझं तरी कोण हाय? संध्याकाळचं म्या कुणाकडं जायचं?"

मग मी लिंबाची मोठी फांदी तोडून दोराला बांधली आणि कोंडलेली हवा हलवायला आम्ही दोघं आळीपाळीनं ती खालीवर करत राहिलो. दुपार कलली तेव्हा कंदील तळापर्यंत जळत गेला. तरी मामांनी माझ्या कमरेला दोर बांधला आणि दुसरं टोक स्वतःच्या कमरेला.

मी म्हणालो, मामा, ते टोक लिंबाच्या झाडाला बांधा, मी पडलो तर तुम्हालाही ओढून नेईन.

"लिंबाला काय कळतंय," ते म्हणाले आणि गाठ पुन्हा ओढून बघितली.