आठ सुरांच्या मोहिमेची हकिकत

श्रीसरस्वतीचे चरणी माथा ठेवून, पाहिले तेच लिहितो. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरी, मार्गशीर्ष शुद्ध पंचमीस राज्यात पियानोची मोठी मोहीम फत्ते जाहली, ती ऐसी जे, आमच्या धाकट्या सूनबाई हर्षदाबाई यांनी एक नवे वादन हाती घेतले, त्यात सूर अवघे आठ, आणि तेच आठ एकशे आठ वेळा फिरवायचे, आणि दर बारा फेऱ्यांनी त्यांतला एकच सूर बदलायचा. दरबारी हसले, हे तर कोणीही वाजवील म्हणाले. वाजवा की मग! एक बोट जरा जड पडले तर पांढऱ्या लुगड्यावर हळदीचा डाग पडावा तैसे उघडे दिसते, लपायास जागा नाही. मग पहिल्या बैठकीस त्र्यंबकपंत दिवाण यांनी सवयीने तिसऱ्या फेरीलाच वाहवा केली आणि कुल दरबाराने री ओढली, आणि सूनबाईंची मोजदाद चुकली, मनगट आखडले, वादन मोडले. तेव्हा राजे, म्हणजे आमचे थोरले चिरंजीव, रागे भरून वदले की पंचमीस न मोडता वाजले तर ठीक, नाही तर पियानो शेजारच्या राज्यास नजर करू. सूनबाईंनी दोन दिवस अन्न घेतले नाही. मग आम्ही, त्यांच्या सासूबाई, पुढे जाहलो आणि म्हटले, "जातं ओढताना कधी मनगट आवळलंत का? खुंटा फिरतो, हात नुसता बरोबर जातो. तसं वाजवा. मोजायचं माझ्यावर सोडा."

पंचमीस आम्ही समोर ताट घेऊन बसलो, त्यात एकशे आठ वाल, आणि दर बारा वालांमागे एक सुपारी. फेरीस एक वाल सरकवायचा, सुपारी सरकली की सूनबाईंनी सूर बदलायचा. आणि दरबार उठताना द्यावयाचा विडा आम्ही आरंभीच वाटला, राजांसही, आणि दिवाणांस जोडविडा. मग काय वर्णावे! आठ सूर पाणरहाटासारखे फिरू लागले, ना चढ ना उतार, आणि सुपारी सरकताच एक सूर पालटे आणि दरबाराच्या अंगावर काटा येई, आणि दिवाण दाद द्यावयास तोंड उघडू पाहत आणि रस ओघळेल म्हणून मिटून घेत. शेवटला वाल सरकला. वादन थांबले. कोणी चकार शब्द काढीना, आणि सूनबाईंचा चेहरा उतरला, त्यांस वाटले, गेला पियानो.

तेव्हा आम्ही उठलो आणि वदलो, "सूनबाई, यांच्या तोंडात विडे आहेत. माझं तोंड रिकामं आहे. वाहवा."

राजांनी विडा घाईने गिळला, ठसका लागला, आणि डोळे पुशीत पियानोवर हात ठेवून म्हणाले, "हा इथेच राहील."

तात्पर्य इतकेच जे, आठ सुरांनी राज्य जिंकले, आणि तेव्हापासून या दरबारी विडा आधी आणि वादन मागून, ऐसा रिवाज पडला.