नक्रोजीरावांच्या डोळ्यांतला गंज

एका जंगलात, मुलांनो, जिथे आवळे पिकायचे आणि निवडणुकाही व्हायच्या, तिथे नक्रोजीराव मगर राहत होते. तळ्याचे पुढारी. कोणी मेलं की शोकसभेत ढसाढसा रडायचं, एवढंच त्यांचं राजकारण.

एकदा त्यांनी तळ्याकाठी कोळशाच्या भट्ट्या लावू दिल्या. दिवसभर धूर तोंडावर यायचा. हळूहळू रावांचे डोळे चुरचुरू लागले, वाळू गेल्यासारखे खुपू लागले. रडायला जावं, तर टिपूस येईना. चोळून चोळून डोळे लालभडक झाले. राव घाबरले आणि वैद्यीण सारसबाईंकडे गेले.

बाईंनी पापणी ओढून पाहिली. "पाणी आटलंय, राव. धुरानं डोळ्याला आतून गंज धरतोय. शरीर आपला गंज आपणच खरवडत असतं, पण इतक्या धुरापुढे त्याचंही काही चालत नाही."

त्यांनी गंज रोखणारे थेंब दिले. आवळे-जांभळं खायला सांगितली, पापण्यांची उघडझाप करत राहायला सांगितलं, धुरापासून लांब राहायला सांगितलं. भट्ट्या बंद करा, असंही त्या म्हणाल्या. तेवढं रावांना ऐकू आलं नाही. कानांचं दुखणं जुनं होतं.

औषध लागू पडायच्या आत वानरांचा म्हातारा गेला. राव कोरड्या डोळ्यांनी सभेत उभे राहिले. मनात धास्ती. पण ते लाल डोळे बघून म्हाताऱ्याची वानरीण गहिवरली. रडून रडून बिचाऱ्यांच्या डोळ्यांत पाणीसुद्धा उरलं नाही, असं ती सगळ्यांना सांगत सुटली. राव बिनविरोध निवडून आले.

मग ते वरच्या डोहात राहायला गेले. नेमाने थेंब घातले. डोळे निवळले.

त्याच सुमारास कमठोजी कासव खोकून खोकून गेला. तो रावांचा लहानपणापासूनचा सोबती. त्याचं घर भट्टीला लागूनच होतं. राव सभेत बोलायला उभे राहिले. बोलता बोलता डोळे आपोआप भरून आले. असं आयुष्यात कधी झालं नव्हतं.

कासवीण हळूच म्हणाली, "भावजी, निदान आज तरी नाटक नको."

सभा उठली. राव एकटेच बसून राहिले. मग त्यांनी थेंबांची कुपी सारसबाईंना परत नेऊन दिली. बाईंनी कारण विचारलं.

"औषध उत्तम आहे, बाई," राव म्हणाले, "पण मी बरा झालो आणि कामातून गेलो."

हल्ली ते भट्टीकडे तोंड करून पडलेले असतात.

तात्पर्य : डोळ्यांचा गंज औषधाने उतरतो. तो उतरवावा की राखावा, हे मात्र वैद्याला न विचारता मतदारांना विचारावं.