रहाडीच्या काठावरचा मॅच्युअर माणूस

यंदा रहाडीत उडी मारायची नाही, असं हिरामणनं वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी ठरवलं आणि घोटाळा तिथूनच सुरू झाला.

रंगपंचमीला जुन्या नाशकात जमिनीतले बुजवलेले हौद, म्हणजे रहाडी, उघडून रंगानं भरतात. हिरामणचा धप्पा, म्हणजे रहाडीतली धडाकेबाज उडी, बघायला देवळालीहून माणसं यायची (असं हिरामण सांगतो). गेल्या वर्षी मात्र हिरामण आणि त्याची पँट वेगवेगळ्या वेळी पाण्यात पडले. तो व्हिडिओ लेकीच्या अख्ख्या वर्गानं पाहिला.

"बाबा, यंदा उडी मारलीत तर मी तुमच्याशी कायमची कट्टी," लेक म्हणाली. तिची आई मंजुषा नुसतीच बघत होती, ते जास्त भयंकर होतं.

म्हणून हिरामण इस्त्रीच्या कपड्यांत काठावर उभा राहिला. पण पोक्त माणूस हात कुठे ठेवतो? खिशात की पाठीमागे? त्यानं एकेक ठेवून पाहिला.

"काय रे, शुगर वाढली का?" गल्लीतल्या दोस्तानं, सनीनं विचारलं.

"नाही. मॅच्युअर झालोय."

"अरेरे! डॉक्टरला दाखवलंस का?" असं म्हणत सनीनं आपला मोबाईल त्याच्या हातात कोंबला आणि धप्पा मारला. मग काय! ज्यानं त्यानं मोबाईल आणून दिला. कुणीतरी कापडी पिशवीही दिली. केवढा हा विश्वास! हिरामणची छाती शर्टाच्या बटणांना जड झाली.

तेवढ्यात पिशवी वाजली. सनीची बायको, स्नेहल.

"भाऊजी तुम्ही? हे कुठायत?"

पूर्वीच्या हिरामणनं बेधडक थाप मारली असती. पण पोक्त माणूस खोटं बोलतो का? (बोलतो. पण हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.)

"रहाडीत आहे, वहिनी."

"ते तर ओझरला ड्यूटीवर गेलेत ना?"

"ओझरला रहाड नसते, वहिनी."

पुन्हा पिशवी वाजली. आता दुसरी वहिनी. "आमचे हे मामंजींना घेऊन दवाखान्यात गेलेत ना हो?"

"मामंजी इथंच आहेत. आत्ताच उडी मारली त्यांनी. छान मारली."

थोड्याच वेळात काठावर बायकांची रांग लागली, त्यात मंजुषा आणि लेकही. गुलाबी नवरे एकेक करून वर आले.

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"हिरामणभाऊजींनी! अख्ख्या गल्लीत एकच काय तो खरा पुरुष!"

हिरामणला कळेना, आता हसायचं की पळायचं? समोरून गुलाबी मंडळी मुठी वळून येत होती, मागे रहाड होती. खऱ्या पुरुषानं असा धप्पा मारला की तिसऱ्या मजल्यावरच्या आजीबाईंचे पापड रंगले.

गळ्याइतक्या रंगातून त्यानं पिशवी अभिमानानं उंच धरली. तिच्यातून गुलाबी धार लागली होती.

"बघा! जीव धोक्यात होता, तरी पिशवी सोडली नाही!"

काठावर मंजुषानं कपाळाला हात लावला. आणि कायमची कट्टी घेण्याआधी लेक एवढंच म्हणाली,

"बाबा, तीच तर काठावर सोडायची होती!"