माशा बांधणारे अण्णा

चिकनच्या दुकानासमोर नाकाला रुमाल लावून उभं राहिलेलं गिऱ्हाईक तुम्ही कधी पाहिलंय? मी दर महिन्याला पाहतो. आमचे शेजारी चौगुले अण्णा. जन्मात अंडं खाल्लेलं नाही, पण बंगळूरच्या बसवनगुडीतल्या त्या दुकानदाराशी कानडीत हुज्जत घालणार. कोंबडी नको, कोंबड्याच्या मानेवरची पिसं हवीत, तीही करडीच. त्यानं पांढरी काढून दिली की लगेच, "स्वल्प नोडप्पा! जरा बघ की!"

अण्णा मूळचे निपाणीचे. इथल्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये उभा जन्म गेला. मी आयटीवाला, पुण्याहून आलेला, म्हणून त्यांच्या लेखी माझं नाव 'पुणेकर'. पहिल्याच भेटीत मी विचारलं, "अण्णा, रिटायर झाल्यावर वेळ कसा घालवता?"

"माशा बांधतो."

"मारता?"

"मारतात ते तुमच्या पुण्यात. आम्ही बांधतो."

हा अपमान मी गिळला, कारण टेबलावर खरंच माशी होती. स्वतः बनवलेल्या चिमुकल्या व्हाइसच्या जबड्यात नखाएवढा गळ पकडलेला. त्याला चिकपेटेच्या बाजारातून आणलेल्या रेशमी दोऱ्यानं शेपटी बांधायची, करड्या लोकरीचं पोट करायचं आणि मानेचं पीस गुंडाळून केस चहूबाजूंनी ताठ उभे करायचे. त्या केसांवर माशी पाण्यात तरंगते. याला ड्राय फ्लाय म्हणतात. ट्राउट मासा ती खरी समजून वर येतो आणि फसतो.

आता बंगळूरात ट्राउट कुठला आलाय! इथे टँकर वेळेवर आला तरी आम्ही हात जोडतो. ट्राउट न्यूझीलंडला, आणि तिथेच अण्णांचा एकुलता एक मुलगा संजू. तो रविवारी नदीवर जातो, मासा पकडतो आणि परत पाण्यात सोडतो. "सोडतो म्हणून बांधतो हं मी," अण्णा बजावायचे, "पापात आमचा वाटा स्वल्पच."

दर तीन-चार महिन्यांनी माशांचं पाकीट पोस्टानं रवाना व्हायचं. महिन्याभरात संजूचा फोन यायचा. एरवी त्याला कुठली सवड! अक्का, म्हणजे अण्णांची बायको, गेल्यापासून तर घर नुसतं गप्प. म्हणून तो फोन आला की अण्णा स्पीकर लावायचे आणि तो अख्ख्या मजल्याला ऐकू जायचा. "बाबा, माशा पोचल्या! काल एक लागला, दोन किलोचा!" पुढच्या वेळी अडीच, मग सव्वातीन. अण्णा धावत माझ्या दारात. "पुणेकर, सव्वातीन किलो!" जसा काही नातूच झालाय.

गेल्या महिन्यात त्यांनी मला ड्रॉवरमधलं ब्लेड काढायला सांगितलं. ब्लेडखाली सात-आठ इंग्रजी पत्रं होती, सगळी एकाच नमुन्याची, तिकडच्या सरकारी खात्याची. प्रमाणपत्राशिवाय पक्ष्यांची पिसं देशात आणता येत नाहीत, सबब आपलं पाकीट नष्ट केलं आहे. सगळ्यात जुनं पत्र पहिल्याच पाकिटाचं होतं. म्हणजे एकही माशी पोचली नव्हती.

माझं डोकंच सणकलं. "अण्णा, हा संजू तुम्हाला चक्क..."

"ठेव ते जागेवर."

"तुम्हाला माहितेय?"

"इंग्रजी वाचता येतंय मला. त्यालाही तसलंच पत्र जात असणार." अण्णा हसले. "पोरगं लहानपणापासून असंच. खोटं बोलायला लागलं की वजन सांगतंय. गृहपाठाची वही गाईनं खाल्ली म्हणाला, वर गाय किती किलोची तेही सांगितलं." हसता हसता चष्मा काढून पुसत बसले. "बापाला वाईट वाटंल म्हणून बोलतोय बिचारा. पाकीट गेलं की फोन येतोय की, पुणेकर. नाहीतर कशाला करंल? त्याला सांगू नको हं. सांगितलंस तर तेही बंद."

मला रडू येत होतं, आणि संजूचा राग करावा तर तोही धड येईना.

तेवढ्यात अण्णांनी नुकतीच बांधलेली माशी पाण्याच्या वाटीत टाकली. ती कलंडली आणि तळाशी गेली. हल्ली त्यांचे हात थरथरतात, पिसाचा वेढा सैल पडतो. त्यांनी माशी बाहेर काढून व्हाइसमध्ये पकडली, माझ्या हातातलं ब्लेड घेतलं आणि दोरा कापायला सुरुवात केली. पुन्हा पहिल्यापासून.

मला राहवेना. "अहो अण्णा, कशाला डोळे फोडून घेता? तिकडचे लोक जाळणारच आहेत ना ती?"

"आणि एखादं पाकीट चुकून सुटलं तर?" अण्णांनी मान वर केली नाही. "पोरानं आशेनं पाण्यात टाकायची, आणि बापाची माशी बुडायची?"